खर्डा बाजूला ठेवणं आणि टंगळमंगळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अर्धवट लेखन मध्येच थांबवण्याविषयीच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया लांबलचक आणि चांगलीच तिखट आली, म्हणून उत्तरही ऐसपैस देतेय. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अडलेली कादंबरी काही आठवडे मिटून ठेवा, हा सल्ला म्हणजे नवोदितांच्या हाती आयती सबब. इंग्रज कादंबरीकार ट्रॉलप पोस्टातली नोकरी सांभाळून पहाटे घड्याळ लावून लिहायचा. नेमाड्यांनी ‘कोसला’ काही दिवसांत हातावेगळी केली. आणि दिवाळी अंकाचा संपादक कुणाची कथा मुरेपर्यंत थांबत नसतो. जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की तुमची कादंबरी सातव्या प्रकरणात अडली आहे, तरी तुम्ही रोज दोन तास तिच्यासमोर बसता.

टंगळमंगळीबद्दल आपलं भांडणच नाही. वीस पानं लिहून ‘आता जरा मुरू दे’ म्हणणाऱ्याचं काहीच मुरत नाही, कारण आत काही गेलेलंच नसतं. अडलेला प्रश्न काही काळ बाजूला ठेवण्यावरचे ११७ अभ्यास सिओ आणि ऑरमेरॉड या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये एकत्र तपासले होते. प्रश्न बाजूला ठेवल्याचा फायदा होतो, पण आधी त्याच्याशी जितकी जास्त झटापट केली असेल तितका तो जास्त, असं त्यात दिसलं. म्हणजे तुमचा राग अर्धा बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल बोलू.

ट्रॉलप दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहायचा, ‘डॉक्टर थॉर्न’ संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं पुढची कादंबरी सुरू केली, हे सगळं खरं. पण पात्रं झोपताना आणि झोपेतून उठतानाही लेखकासोबत असली पाहिजेत, असंही तोच म्हणतो. त्याचं लेखन घड्याळाच्या काट्यावर चालायचं. विचार चालू असायचा तो दिवसभर, पोस्टाच्या कामानं गावोगाव हिंडतानासुद्धा. ज्याला हे जमतं त्यानं खुशाल थांबू नये. मी त्याच्यासाठी लिहिलंच नव्हतं.

‘कोसला’चं म्हणाल, तर ती १९६३ची. त्याच लेखकाची ‘झूल’ १९७९ मध्ये आली आणि त्यानंतरची कादंबरी, ‘हिंदू’, थेट २०१० मध्ये. एकाच माणसाच्या एका पुस्तकावरून सगळ्यांसाठी नियम काढायचा, तर कोणत्या पुस्तकावरून काढणार?

माझ्या दृष्टीनं खरा दाखला मार्क ट्वेनचा आहे. ‘टॉम सॉयर’चं हस्तलिखित चारशे पानांवर येऊन ठप्प झालं. पुढे काही सुचेना. टाकी आटली, असं त्यानं म्हटलंय. कागद खणात गेले. दोन वर्षांनी काढून वाचले आणि गाडी पुन्हा सुरू झाली. आपण झोपेत असताना आणि दुसरी कामं करत असताना टाकी भरत होती, हे तेव्हा त्याला उमगलं. यातलं ‘दुसरी कामं करत असताना’ फार महत्त्वाचं, आणि माझ्या लेखावर बोलताना नेमकं तेच तुमच्याकडून सुटलंय. तो लिहायचा थांबला नव्हता, त्या एका पुस्तकापुरता थांबला होता. ‘हकलबरी फिन’चंही तसंच: १८७६ मध्ये हात घातला, पूर्ण झाली १८८३ मध्ये. मधल्या काळात त्याची दुसरी पुस्तकं निघतच होती.

थांबल्यावर नक्की काय होतं, तेही सांगते. आपण रोज त्याच पानांवरून फिरतो तेव्हा कागदावरचं वाचत नाही, डोक्यातलं वाचतो. माझ्या एका कथेत काकू माजघरातली भांडी एकेक करून शेजारणीला देऊन टाकते. घर विकायचं ठरलंय म्हणून. मला ते पहिल्या ओळीपासून ठाऊक, त्यामुळे तो प्रसंग प्रत्येक वाचनात काळजाला लागायचा. महिन्याभरानं फाइल उघडली तर घर विकायचंय हे कथेत कुठेच नव्हतं! काकू उगाच भांडी वाटत सुटली होती. एक वाक्य घातलं, पितळी डब्यावर कोरलेलं सासूचं नाव चाचपतानाचं, आणि त्या वाक्यामुळे पुढची दीड पानं अनावश्यक ठरली. रोज बसून मी त्याच दीड पानांची विरामचिन्हं सारखी करत राहिले असते.

संपादकांचं म्हणाल, तर त्यांना गणपतीच्या आत मजकूर लागतो, मान्य. पण म्हणूनच कथा मेमध्ये लिहून ठेवायची. जुलैच्या भर पावसात तिच्याकडे बघायचंही नाही. (आयत्या वेळी फोन करून ‘दोन हजार शब्द, परवापर्यंत’ म्हणणाऱ्या संपादकांवर माझ्याकडे उपाय नाही. असला तर मलाही कळवा.)

आता तुमच्या सातव्या प्रकरणाचं. दोन तासांची बैठक मोडू नका, ती कमावलेली गोष्ट आहे. फक्त कादंबरीची फाइल बंद करा. करण्याआधी अर्धं पान लिहून ठेवा: कोण कुठे उभं आहे, कुणाला काय माहीत आहे, तुम्ही नेमके कशाशी अडलात. ‘पुढे सुचत नाही’ एवढंच लिहून चालणार नाही. नायिका घर सोडत का नाही, असं काहीतरी नेमकं हवं. मग त्याच दोन तासांत दुसरं काही लिहा. एखादा ललित लेख, नाहीतर व्यक्तिचित्र. परतायची तारीख मात्र आजच कॅलेंडरवर टाका, महिन्याच्या पुढे नको. आणि त्या दिवशी सातवं प्रकरण उघडू नका. पहिल्यापासून वाचत या, हातात पेन न घेता. माझा अंदाज, गाठ पाचव्यातच कुठेतरी सापडेल.