कुणाकडून आलात?

आज सुट्टी. सकाळी निवांत चहा घेत मोबाईल उघडला आणि डोक्याची पार मंडई झाली. एका मराठी हिरोईनची पोस्ट. "माझ्या पहिल्या मालिकेला आज सहा वर्षं. कुणाच्याही आधाराशिवाय इथवर आले." खाली जोडलेले हात, बदाम, आणि तिच्या पहिल्या एन्ट्रीचा फोटो. पाठमोरी उभी, हिरव्या खणाचा ब्लाऊज, मागे नाडीला लाल गोंडा.

तो गोंडा आमच्या भाचीचा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, माहीत असलेल्यांनी पुन्हा ऐका. २०१९ साल. भाची तेव्हा २३ वर्षांची. कॉलेजपासून एकांकिका, मग राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत साईखेडकर नाट्यगृहात दोनदा उभी राहिलेली, एकदा अभिनयाचं गुणवत्ता प्रमाणपत्र, ते ताईनं फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलंय. एका मालिकेसाठी ऑडिशनची टेप मागवली होती. ताईच्या नाशिकच्या सिडकोतल्या घरात भिंतीवर चादर ठोकून आम्ही ती शूट केली, मोबाईल मी धरला आणि समोरच्या सासूचे डायलॉग पण मीच वाचले, दोनदा हसू आलं म्हणून रिटेक. मग मुंबईला दोन ऑडिशन, मग मॉक शूट, आणि मग एक दिवस फोन, लॉक आहे, म्हणजे रोल पक्का, मापं द्यायला या.

सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडली, दादरला उतरून लोकलनं गोरेगाव, पुढे रिक्षा. दादासाहेब फाळके चित्रनगरी. आपल्या त्र्यंबकला जन्मलेल्या माणसाचं नाव, बघूनच छाती फुगली माझी. गेटवर वॉचमननं विचारलं, कुणाकडून आलात? मी म्हटलं, नाशिककडून. तो हसला. मला तेव्हा कळलं नाही का हसला ते. (त्याला दोष नाही, कुठल्या युनिटचे ते विचारणं त्याचं कामच आहे. पण प्रश्न डोक्यात राहिला तो राहिलाच.)

आत मापं घेणारे ड्रेसवाले दादा फार चांगला माणूस. उजवा खांदा जरा उतरता आहे ताई, सांभाळून घेतो म्हणाले. आणि भाची त्यांना म्हणाली, दादा मागं लाल गोंडा लावाल का, वळले की हलेल, पाठमोऱ्या शॉटला छान दिसेल. त्यांनी वहीत लिहून घेतलं. लाल गोंडा. मी स्वतः बघितलंय लिहिताना.

आल्यावर ताईनं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. गोरेगावला पीजी बघितला, दोन मुलींबरोबर एक खोली, डिपॉझिट भरलं, गादी बांधून दारात ठेवली. आणि आठव्या दिवशी फोन. "चॅनलकडून चेंज आलाय. चेहरा स्क्रीनवर थोडा मॅच्युअर वाटतोय." २३ वर्षांची पोर. मॅच्युअर! महिन्याभरानं प्रोमो लागला तेव्हा कळलं कोण आलीय ते. वडील नट, आई नाटकात, काका निर्मात्याचे जुने दोस्त. ब्लाऊज तोच. बाह्या आत घेतलेल्या, खांद्याजवळ झोळ पडलेला, कारण माप दुसऱ्याच खांद्याचं होतं. आणि ती वळली आणि गोंडा हलला. खरंच छान दिसला हो.

तर बाईसाहेब, कुणाच्याही आधाराशिवाय म्हणजे नेमकं कशाच्या?

आता इथे काही मित्र येतीलच, डॉक्टरचा मुलगा डॉक्टर होतो, वकिलाचा वकील होतो, मग नटाच्या मुलीनं काय घोडं मारलंय. ऐका. आमच्या सातपूरला कारखान्यात पण साहेबाचा भाचा चिकटतो, सगळ्यांना माहीत असतं कुणाचं तट्टू आहे ते, कुणी बोलत नाही. पण त्याच्या मशीनवरचा जॉब दोन सूत जास्त निघाला की क्वालिटीवाला लाल खूण करून बाजूला टाकतो म्हणजे टाकतो. मापायच्या व्हर्निअरला आडनाव कळत नाही. तुमच्या धंद्यात व्हर्निअरच नाही ना! मापायला जो बसलाय तोच काका. कुणी म्हणेल टीआरपी आहे की. अहो रात्री आठच्या स्लॉटला, आधीची मालिका जोरात असेल तर, पोळपाट-लाटणं जरी दाखवलं तरी लोक बघतात, भाजी चिरता चिरता टीव्ही चालू असतो घरोघरी.

आणि पहिला चान्स मिळतो ह्याचं मला खरं तर इतकं वाईट वाटत नाही. घरात जे असतं ते पोराला मिळणारच. मी पण भाचीला सात वर्षांची असताना बालनाट्यात घेतली होती, मामा होतो म्हणूनच घेतली, सशाचा रोल, मानधन एक वडापाव. मान्य. माझा राग आहे तो दुसऱ्या चान्सचा. ह्यांना पडायची परवानगी असते. पहिला सिनेमा आपटला, दुसरा येतो. दुसरा आपटला, वेब सिरीज येते. ती गेली की रिअॅलिटी शोचा जज. आमच्या पोरांना एक टेप, त्यात पण चादरीला सुरकुती दिसली की पुढचा नंबर. आणि पुन्हा मुलाखतीत सांगायचं की घराण्याच्या नावाचं फार प्रेशर असतं. असेल. नसलेल्या नावाचं किती असतं ते विचारा एकदा.

हिंदीचं तर बोलायलाच नको. २०१७ ला कंगनानं करण जोहरच्याच सोफ्यावर बसून त्याला तोंडावर सुनावलं तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, २०२० ला सुशांत गेला तेव्हा चार महिने अख्खा देश नेपोटिझम नेपोटिझम करत होता, आणि २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर काय आलं? शाहरुखची मुलगी, अमिताभचा नातू आणि श्रीदेवीची धाकटी, तिघंही एकाच सिनेमात. संपलं आंदोलन. आपण पण बघितलाच ना, मी पण बघितला. अर्धा.

पण मला सगळ्यात झोंबलं होतं ते सैराटचं. २०१६. नागराज मंजुळेनं अकलूजची शाळेत जाणारी पोरगी उभी केली, रिंकू राजगुरू, कुणाची कोण नाही, आणि तिनं बुलेट चालवत अख्खा महाराष्ट्र खिशात घातला. जातीच्या भिंतीवर डोकं आपटून मरणाऱ्या दोन पोरांची गोष्ट. आता ह्याचा हिंदीत रिमेक करायचा तर कुणाला घ्याल? २०१८ चा धडक. हिरोईन श्रीदेवीची मुलगी, तिचं लाँचिंग. हिरो शाहिद कपूरचा भाऊ. म्हणजे जी गोष्टच "तू कुणाचा कोण" ह्या प्रश्नावर मरते ती सांगायला ह्यांनी कुणाकुणाचे असलेलेच शोधून आणले!! आणि कुणाला त्यात काही खटकलं नाही. जान्हवी मेहनत करते, आणि सिनेमा यायच्या पाचेक महिने आधी तिची आई गेली होती, त्या पोरीवर राग नाही माझा. पण तरी.

आपल्या मराठीत नाही म्हणता? आहे की. फक्त आपल्याकडे मोटार लहान आणि घर सोसायटीत, म्हणून ते दिसत नाही. आपण त्याला वारसा म्हणतो, "रक्तातच आहे" म्हणतो, सत्काराला शाल देतो. घराणेशाही म्हणजे फक्त कपूर आणि खान असं आपण ठरवून टाकलंय. अशोकमामांचा मुलगा शेफ झाला हे ऐकून मला केवढा आनंद झाला होता, म्हटलं बघा, हे घर वेगळं. तर आमच्या ग्रुपमधल्या एका आगाऊ माणसानं लगेच सांगितलं की अशोक सराफांना सुरुवातीला नाटकात घेणारे गोपीनाथ सावकार हे त्यांचे सख्खे मामा होते. घ्या! अशोकमामांना पण मामा होता. बरं, त्यानंतर त्यांनी बँकेत नोकरी सांभाळून वर्षानुवर्षं नाटकं केली, आणि मामानं स्टेजपर्यंत नेलं तरी पुढचं हसू काही मामा आणून देत नाही, ते मान्य. पण मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आमच्या भाचीला मामा चुकीचा मिळाला. तिचा मामा कारखान्यात सीएनसी मशीनवर. कामगार कल्याणच्या नाट्यस्पर्धेत दोनदा हवालदार आणि एकदा प्रेत. माझ्या ओळखी म्हणजे कॅलिब्रेशनवाला, कँटीनवाला आणि फार तर कालिदास नाट्यगृहाचा पार्किंगवाला.

आणि पाळंमुळं शोधायची तर पांडवलेणीच्या पायथ्याला फाळके स्मारकापर्यंत जावं लागेल. राजा हरिश्चंद्र, १९१३. त्यात रोहिदासाचं काम कुणी केलं? फाळक्यांच्या मुलानं, भालचंद्रनं. पुढे बाळकृष्ण कोण झाला तर मुलगी मंदाकिनी. म्हणजे देशातला पहिला स्टारकिड आमच्या नाशिकचाच, हसा. पण थांबा, त्याच सिनेमात तारामती कोण होती? सिनेमात काम करायला बाई मिळेना म्हणून ग्रँट रोडच्या एका हॉटेलात स्वयंपाकघरात काम करणारा साळुंके नावाचा माणूस फाळक्यांनी उचलला आणि राणी केला. कुणाकडून आलात? भटारखान्यातून. आणि सरस्वतीबाई अख्ख्या युनिटचा स्वयंपाक करत होत्या, फिल्म धुवत होत्या, दागिने त्यांचेच गेले. घरच्यांना राबवणं वेगळं आणि घरच्यांना रांगेत पुढे घुसवणं वेगळं, इतकं तरी कळतं की नाही आपल्याला? फाळक्यांचं नाव चित्रनगरीला दिलंत ना, मग एखादा साळुंके पण उचला की मधूनअधून.

कुणीतरी लिहिणारच, नाशिकची सायली संजीव गेली, चिन्मय उदगीरकर गेला, ज्याच्यात दम आहे तो जातो. हो गेले, अभिमान आहे. पण जे पोचले ते दिसतात, कसाऱ्याच्या घाटात अडकलेले कोण मोजतंय.

नाशिकचं दुखणं वेगळंच आहे खरं तर. नाशिक जवळ आहे, हेच वाईट. लातूर-नांदेडच्या पोराला माहीत असतं की मुंबईत खोली घ्यावी लागणार, तो उपाशी राहतो पण तिथं राहतो. आमची पोरं येऊन-जाऊन. सकाळी दहाला मेसेज, एक वाजता पोचाल का? नाशिकच्या द्वारका चौकातून टॅक्सी, घाटात ट्रक आडवा, तीन वाजता पोचलं की "अरे ते आत्ताच गेले". संध्याकाळच्या पंचवटीत उभ्यानं परत. असं किती वेळा केलंय भाचीनं माहितीये? मी मोजायचं सोडलं. ज्यांचं घर अंधेरीला, पार्ल्याला, ते दोन वर्षं घरी बसून वाट बघू शकतात, आई गरम पोळी वाढते, ह्यालाच मी वशिला म्हणतो. फोन करणारा काका हा नंतरचा. गरम पोळी हा पहिला वशिला.

पीजीवाल्यानं डिपॉझिट अर्धंच परत दिलं. गादी अजून माळ्यावर आहे, तशीच बांधलेली. ताईला वर्षभर बाजारात बायका विचारायच्या, कधी लागणार हो मालिका? ताई सांगायची, शूटिंग चालूय. एकदा मी बरोबर होतो. कोथिंबीर घेता घेता सांगितलं तिनं, शूटिंग चालूय, आणि जुडी उलटसुलट करून बघत राहिली, बराच वेळ.

एवढा संताप टाईप केला आणि मग त्या पोस्टवर परत गेलो, म्हटलं खाली कमेंट टाकू, ब्लाऊजचं माप कुणाचं ते विचारू. लाईक कुणाकुणाचे आहेत बघितले तर त्यात भाचीचं नाव. बदाम दिलाय तिनं. फोन लावला, म्हटलं काय गं हे? तर म्हणते, मामा, तिनं केलं चांगलं, पहिला महिना जड गेला पण नंतर बरी करायला लागली, मी रोज बघायचे. रोज बघायचे. मला हे सहा वर्षांत पहिल्यांदा कळलं. म्हटलं आणि गोंडा? तर हसली, म्हणे ड्रेसवाल्या दादांनी लक्षात ठेवला ना, मला तेच भारी वाटलं होतं.

आता काय बोलायचं सांगा. माझा राग पण धड राहू देत नाही पोरगी. गंगापूर रोडला मुलांचे नाट्यवर्ग घेते, आवाजाची कामं करते, ह्या वर्षी राज्य नाट्यला स्वतः नाटक बसवतेय. काल तालमीला गेलो होतो. एका बाईंनी येऊन हळूच सांगितलं, माझा मुलगा पण आहे हो, लहानसं काहीतरी बघा ना, मी तुमच्या मामांना ओळखते. भाचीनं माझ्याकडे बघितलं. मी बूट शोधायला लागलो.

मुलाला घेतलं नाही तिनं. चहा मात्र दिला दोघांना.

एडिट: भाचीचा आत्ता परत फोन आला. आधी हिरोईनचं आणि मालिकेचं नाव लिहिलं होतं, ते काढलंय, स्क्रीनशॉट घेतले असतील त्यांनी कृपया कुठे टाकू नका. परवा तिनं टेप पाठवलीय, त्याच निर्मात्याच्या नव्या मालिकेसाठी. मला सांगितलंच नव्हतं, चादर ठोकायला शेजारच्या मुलाला घेतला म्हणे. हिरोच्या आईचा रोल आहे. वय २९.