एक कण सापडला म्हणजे गुन्हेगार सापडला का?

‘साक्षीदार फिरतो, सूक्ष्म पुरावा फिरत नाही, एक केस किंवा एक कण मिळाला की गुन्हा सिद्ध झालाच,’ असा मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. दोन वस्तूंचा संपर्क आला की त्यांच्यात काही ना काही देवाणघेवाण होते, हे फ्रेंच गुन्हेशास्त्रज्ञ एडमंड लोकार यांचे तत्त्व त्याच्या मुळाशी आहे. तत्त्व मोलाचे आहे, पण त्यातून काढलेले निष्कर्ष टिकणारे नाहीत.

केसावरून माणूस ओळखता येतो, हा पहिला दावा. सूक्ष्मदर्शकाखाली केसावरचे खवले, मधला गाभा, रंगद्रव्याची मांडणी आणि मुळाचा आकार दिसतो. त्यावरून केस माणसाचा की प्राण्याचा, आपोआप गळलेला की उपटलेला, याचा अंदाज बांधता येतो, मात्र तो अमक्याचाच असे म्हणता येत नाही. एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेच्या 2002 च्या अभ्यासात सूक्ष्मदर्शकाने जुळवलेल्या 80 केसांपैकी 9 केस माइटोकॉन्ड्रियल डीएनए (आईकडून मिळणारा डीएनए) चाचणीत दुसऱ्याच व्यक्तींचे निघाले. पुढे 2015 मध्ये जाहीर झालेल्या फेरतपासणीत, आरोपीविरुद्ध केसांच्या अशा तुलनेची साक्ष वापरल्या गेलेल्या 268 खटल्यांपैकी 257 खटल्यांत तज्ज्ञांनी सदोष विधाने केल्याचे आढळले. त्यांत फाशीची शिक्षा झालेलेही आरोपी होते, हे वाचून अस्वस्थ व्हायलाच हवे.

दुसरा दावा असा की, गोळीबाराच्या अवशेषाचा, म्हणजे गोळी झाडताना उडणारा, कण यंत्राने ओळखला की शंका उरत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक शिसे, बेरियम आणि अँटिमनी एकाच कणात आहेत हे खात्रीने दाखवतो. तो कण तिथे कसा पोहोचला, हे सांगत नाही. लंडनमध्ये 1999 साली झालेल्या दूरचित्रवाणी निवेदिका जिल डँडो यांच्या खुनाच्या खटल्यात आरोपीच्या कोटाच्या खिशातील असा एकच कण पुराव्यात होता आणि 2001 मध्ये त्याला दोषी ठरवण्यात आले. आरोपीने गोळी झाडली असो वा नसो, तो कण सापडण्याची शक्यता सारखीच होती, हे पुढे आल्यावर 2007 मध्ये ती शिक्षा रद्द झाली आणि फेरखटल्यात तो निर्दोष सुटला. माझ्या मते कण तिथे कसा पोहोचला, हाच तपासातला कळीचा प्रश्न आहे आणि फिरणाऱ्या मजकुरात तो विचारलेलाच नाही.

काहीच न सापडणे म्हणजे निर्दोषत्व, हेही चूक आहे. कपड्यांवर आलेले परके धागे हालचालींमुळे पहिल्या काही तासांतच बहुतांशी गळून जातात. म्हणून कपडे केव्हा आणि कसे जप्त झाले, हे अहवालाबरोबरच पाहावे लागते.