दंडवते आणि रेल्वे: एका निनावी प्रतिक्रियेला उत्तर

महाशय,

कोकणातल्या राजापूरचे समाजवादी खासदार मधू दंडवते यांच्या लोकसभेतल्या रेल्वेवरच्या भाषणांवर मी लिहिलं. त्याखाली तुम्ही लिहिता, "दंडवतेंची आरती पुरे. भाषणं ठोकून गाडी येत नाही. कोकण रेल्वे फर्नांडिस आणि श्रीधरन यांनी आणली. दंडवतेंना लोकांनी १९९१ मध्ये घरी बसवलं." वर लेख लांबलाय म्हणता. लांबला खरा. पण 'आरती', 'ठोकून' ही कुठली भाषा? मतभेद असू द्या, नाव लपवून खेकसायचं कशाला?

आता 'ठोकून'बद्दल. विरोधी बाकावरच्या खासदाराच्या हातात असतं काय? अनुदानाच्या मागण्यांवरची, म्हणजे खात्याच्या खर्चावरची चर्चा, त्या मागणीतली रक्कम कमी करा म्हणणारी कपात सूचना, आणि मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो तारांकित प्रश्न. मंत्री उठून एकदा "करू" म्हणाले की ते नोंदीवर येतं, आणि १९५३ पासून लोकसभेची शासकीय आश्वासन समिती त्याच्या मागे लागते. हे तुम्हाला माहीत नसेल, तर दोष भाषणांचा नाही.

आणि मंत्री झाल्यावर दंडवतेंनी काय केलं म्हणाल, तर रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाबद्दल मला तरी कोणी शिकवू नये. आमचे वडील गिरणीत, आईचं माहेर भुसावळला. रात्रीच्या गाडीत वडील लाकडी बाकावर सतरंजीची दुहेरी घडी टाकायचे. तरी सकाळी दंडावर फळ्यांच्या फटींचे वळ उठलेले असायचे. १९७७ मध्ये दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्या बाकांवर दोन इंची फोम आला. पहिल्या वर्गाला खाली खेचायचं नाही, दुसऱ्याला वर आणायचं, हा त्यांचा हिशेब. १९७४ च्या रेल्वे संपात काढून टाकलेले कामगारही त्यांच्याच काळात कामावर परतले. तुम्ही बहुधा गादीवरूनच प्रवास सुरू केलात, म्हणून ती गादी डब्यात आपोआप उगवली असं तुम्हाला वाटतं.

फर्नांडिस १९९० मध्ये रेल्वेमंत्री होते, बरोबर. त्याच मंत्रिमंडळात अर्थमंत्री कोण होतं, तेवढं बघून घ्या. तिजोरीच्या चाव्या दंडवत्यांकडेच होत्या. कोकण रेल्वे बांधणारे अभियंते श्रीधरन यांचं श्रेय मी कुठे नाकारलंय, ते वाक्य दाखवा. १९९१ च्या पराभवाचा इथे काय संबंध? राजापूरने त्याआधी पाच वेळा निवडून दिलं होतं, ते सोयीने विसरलात.

असो. यापुढे निनावी प्रतिक्रिया इथे छापणार नाही. नाव लिहा, मग हवं तेवढं भांडू.