फुलपाखराचा गंध कुणाचा? एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

प्लेन टायगर या फुलपाखराबद्दल मी एका लेखात लिहिलं होतं, ‘प्लेन टायगरच्या नराला गंध असतो, मादीला नसतो.’ तुमचा आक्षेप असा, की फुलपाखरं जोडीदार डोळ्यांनी हेरतात, आणि गंध सोडायचाच झाला तर तो मादी सोडते, रेशमाच्या पतंगासारखा.

‘मादीला नसतो’ हे माझं चुकलंच. ते मी लेखातून काढलं आहे. नजरेबद्दलही तुमचं खरं आहे. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखरांत नर-मादी आपल्याला सारखेच पांढरे दिसतात. पण जपानमध्ये मादीच्या पंखांवरून अतिनील किरण परावर्तित होतात आणि नराचे पंख ते शोषून घेतात, म्हणून नराला ती लांबूनच कळते.

पतंगाचा दाखला मात्र इथे लागू पडत नाही. रेशमाच्या मादीचं बॉम्बिकॉल हे गंधद्रव्य रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट यांनी १९५९ मध्ये ओळखलं, आणि ‘मादीने बोलवायचं, नराने यायचं’ हे चित्र मनात पक्कं बसलं. फुलपाखरांत बऱ्याचदा उलटं असतं. नर नजरेने मादीला गाठतो आणि अगदी जवळ गेल्यावर आपला गंध तिच्यापुढे ठेवतो. होकार-नकार तिचा.

प्लेन टायगरचा अमेरिकेतला भाऊबंद म्हणजे क्वीन. त्याचा नर उडत्या मादीला गाठून पोटाच्या टोकातले केसांचे झुपके बाहेर काढतो आणि तिच्या मिशांवरून फिरवतो. झुपक्यांवर डॅनाइडोन हे गंधद्रव्य असतं. माझ्या लेखाचा जीव इथे आहे: हा गंध नराला जन्माने मिळत नाही, कमवावा लागतो. आपल्या प्लेन टायगरची अळी रुईवर वाढते, पण रुईतून डॅनाइडोनचा कच्चा माल मिळत नाही. त्यासाठी मोठेपणी सुकलेला खुळखुळा, भुरुंडी अशा वनस्पती शोधून त्यांतली अल्कलॉइड्स, म्हणजे विषारी रसायनं, शोषून घ्यावी लागतात. ही न मिळालेल्या क्वीन नरांना माद्या सहसा दाद देत नाहीत. माद्यांचं हे वागणं मला अगदी रास्त वाटतं, कारण मीलनात नर याच अल्कलॉइड्सचा वाटा मादीला देतो आणि तो पुढे अंड्यांच्या रक्षणाला जातो.

आता मादीचा गंध. युरोपातल्या ग्रीन-व्हेन्ड व्हाइट या फुलपाखराच्या नराला लिंबासारखा वास येतो. मीलनात तो मादीला मिथाइल सॅलिसिलेट देतो, म्हणजे सांधेदुखीच्या मलमाला येतो तोच वास. तो वास मादीला आला की दुसरे नर मागे फिरतात. लार्ज व्हाइटमध्ये हे काम बेंझिल सायनाइड करतं, पण त्याच वासाच्या मागावर ट्रायकोग्रामा ही इवलीशी गांधीलमाशी येते, मादीच्या अंगावर बसून जाते आणि तिने घातलेल्या अंड्यांत आपली अंडी घालते. म्हणजे मादीला गंध आहे, पण या दोन्ही ठिकाणी तो नराने दिलेला.

पावसाळा सरल्यावर कुठे उपटलेला खुळखुळा सुकत पडलेला दिसला, तर जरूर थांबा. प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मध्यभागी तीन काळे ठिपके असतात. चौथा दिसला तर तो नर, आणि तो ठिपका म्हणजे त्याची गंधाची पिशवी.