काका, तेवढं बाजूला व्हा की

एखाद्या देशाची परदेशात जाहिरात करायची असेल, तर त्या देशातील माणसे आधी चित्रातून हलवावी लागतात, हे ज्ञान मला परवा हलशीच्या देवळापुढे उभ्या उभ्या प्राप्त झाले. आणि हलवलेला माणूस मी स्वतःच असल्यामुळे ते अद्याप माझ्या पचनी पडलेले नाही.

आईला घेऊन आम्ही भूवराह नरसिंहाच्या दर्शनाला गेलो होतो. गोव्याच्या कदंबांच्या काळातील, बाराव्या शतकातले हे देऊळ बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात आहे. आत दोन गाभारे समोरासमोर आहेत, आणि एरवी तेथे इतकी सामसूम असते की देवांना एकमेकांकडे पाहत बसण्यावाचून दुसरे काम नसावे. त्या दिवशी मात्र अंगणात मोठाल्या छत्र्या, चंदेरी फळ्या, धडधडणारा जनरेटर आणि खुर्च्यांवर बसलेली बरीच महत्त्वाची माणसे होती. 'भारतात या' असे परदेशातील लोकांना सांगणाऱ्या चित्रफितीचे शूटिंग चालले होते. आम्ही भारतात आधीच आलेलो असल्यामुळे आमची कोणालाच गरज नव्हती.

गळ्यात ओळखपत्र, हातात वॉकीटॉकी आणि पायात पांढरेशुभ्र बूट असा एक तरुण लगबगीने माझ्याकडे आला. तो 'लोकल को-ऑर्डिनेटर' होता, आणि बोलण्यावरून आमच्याच बाजूचा, नंदगडकडचा वाटला.

"काका, तेवढं बाजूला व्हा की. फ्रेममध्ये यालाय तुम्ही."

"मी फ्रेममध्ये आलेलो नाही, देवळात आलो आहे."

"त्ये बरोबर हाय. पण देऊळच फ्रेममध्ये हाय न्हवं?"

या तर्काला कदंबांच्या दरबारातही उत्तर मिळाले नसते. तरीही मी पायरीकडे बोट दाखवले. तेथे एक वृद्ध गृहस्थ विराजमान होते: डोक्याला लालभडक राजस्थानी पगडी, कानांत बाळ्या, पिळलेल्या पांढऱ्या मिशा आणि पुढ्यात हुक्का. ते कसे काय चालतात, असे मी विचारले.

"त्ये इंडियन दिसतात."

"आणि मी?"

त्याने मला आपादमस्तक न्याहाळले. चौकड्यांचा हाफ शर्ट, खिशाला पेन, हातात छत्री आणि कुंदा या आमच्या बेळगावी मिठाईच्या दुकानाची पिशवी, एवढा ऐवज पाहून तो अत्यंत सहानुभूतीने म्हणाला, "तुम्ही बँकेतले वाटालाय काका."

मी बँकेतच होतो. त्या नोकरीने माणसाचे बरेच काही जाते हे खरे, परंतु माझ्या माहितीप्रमाणे नागरिकत्व जात नाही. शिवाय पायरीवरच्या त्या राजस्थानी वृद्धाला मी तोवर ओळखले होते. ते वडगावचे. हौशी रंगभूमीवर त्यांनी उभी हयात घालवली असून, निवृत्तिवेतनाचे पासबुक भरून घेताना ते माझ्या खिडकीवर दर महिन्याला भांडत असत. मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी हुक्क्याची नळी तोंडातून न काढता, डोळ्यांनीच, ओळख दाखवू नका अशी विनंती केली. कलावंताच्या पोटावर पाय देण्याची माझी इच्छा नव्हती. पण हुक्क्याबद्दल मला राहवेना. आमच्या बाजूला माणूस तंबाखू मळतो, विडी ओढतो. निपाणीची अवघी बाजारपेठ त्या दोन सवयींवर उभी राहिली. हुक्का येथे कोण ओढतो?

"कोणच वडत न्हाई काका," तरुण म्हणाला, "म्हणून तर भाड्यानं आणावा लागला."

यानंतर त्याला माझ्याविषयी जिव्हाळा वाटू लागला असावा, कारण आपल्या कामातील अडचणी त्याने माझ्यापुढे मोकळेपणाने मांडल्या. गावातील चार म्हातारे सकाळपासून हौसेने येऊन बसले होते, परंतु त्यांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या असल्यामुळे ते राजकीय दिसतील, अशी साहेबांना शंका आली. टोप्या काढायला सांगितल्यावर ते रागावून घरी गेले. एका बाईच्या डोक्यावर घागर हवी होती. बाई मिळाली, पण तिच्या घरची घागर प्लास्टिकची निघाली, तेव्हा बेळगावातून पितळेची मागवण्यात आली, आणि ती आल्यावर कोणालाच पेलेना. देवळाकडे कौतुकाने पाहणारी परदेशी पर्यटक बाईसुद्धा चोर्ला घाटावरून, गोव्यातून, दिवसाच्या बोलीवर आणलेली होती. जनावरांच्या बाबतीतही काटेकोर निवड झालेली होती.

"म्हैस नको म्हणालेत. गाय पायजे, ती पण पांढरी."

ज्या म्हशीच्या दुधाचा चहा खुर्च्यांवरची सगळी मंडळी पीत होती, तिला देवळाच्या अंगणातून हाकलून कुंपणाजवळ आणले गेले, आणि मलाही तेथेच उभे राहायला सांगण्यात आले. तिच्या डोळ्यांत मला तक्रार दिसली नाही. तिला बहुधा अशा वागणुकीची सवय असावी. मला अजून व्हायची आहे.

कुंपणाशी उभे राहण्याखेरीज दुसरा उद्योग नसल्यामुळे मी देशाच्या प्रसिद्धीचा इतिहास आठवू लागलो. २००१ साली सप्टेंबरात अमेरिकेवर आणि डिसेंबरात आपल्या संसदेवर हल्ला झाला, परदेशी पाहुणे रोडावले, तेव्हा २००२ मध्ये केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने 'इन्क्रेडिबल इंडिया' ही मोहीम काढली आणि देशाच्या इंग्रजी नावातील पहिल्या अक्षराच्या जागी चक्क उद्गारचिन्ह उभे केले. जाहिरात म्हणून ती कल्पना झकास होती, हे मी कुंपणापलीकडूनही मान्य करतो. उद्गार काढण्याचे प्रसंग तर आमच्यावर खानापूर सोडताच रस्त्यावरील प्रत्येक खड्ड्यागणिक येतात. मग राज्यांनाही चेव चढला. केरळने आपल्याला देवाचा स्वतःचा प्रदेश म्हणून आधीच जाहीर केलेले होते. कर्नाटकाने 'वन स्टेट, मेनी वर्ल्ड्स' म्हटले. त्या अनेक जगांपैकी आमचे नेमके कोणते, हे आम्हांला अजून कळवण्यात आलेले नाही. महाराष्ट्राने 'महाराष्ट्र अनलिमिटेड' अशी घोषणा केली. हे वाक्य ज्याने लिहिले त्याला एकदा महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर आणून उभे करावे, अशी सीमाभागातील मराठी माणूस या नात्याने माझी नम्र इच्छा आहे. जिच्यापायी १९५६ पासून पिढ्या झिजल्या आणि जिचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, ती हद्द त्याने दोन शब्दांत उडवून लावली.

हुक्का भाड्याने आणण्याचे पातक एकट्या आपल्याच माथी आहे असे मात्र नाही. फिलिपीन्सने २०२३ साली 'लव्ह द फिलिपीन्स' नावाची चित्रफीत मोठ्या थाटात प्रसिद्ध केली, आणि लोकांनी बारकाईने पाहिली तेव्हा तिच्यातील भातखाचरे इंडोनेशियातील, जाळे फेकणारा कोळी थायलंडमधील आणि विमान स्वित्झर्लंडमधील निघाले. चित्रफीत करणाऱ्या जाहिरात कंपनीला माफी मागावी लागली आणि तिचे कंत्राटही गेले. त्या मानाने आमच्या पायरीवर राजस्थान निदान देशातल्या देशातच होते.

इतके सगळे मी हसून सोडून दिले असते. पण मधल्या वेळात आईला स्वच्छतागृहात जायचे होते. ते होते, आणि त्याला बाहेरून कुलूपही होते, कारण आत मेकअपचे सामान ठेवलेले होते. पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई उन्हात तिष्ठत उभी आहे, आणि किल्ली कोणाकडे आहे यावर तीन माणसे वॉकीटॉकीवर चर्चा करीत आहेत, असा देखावा त्या दिवशी कोणत्याही कॅमेऱ्याने टिपला नाही. अखेरीस गोव्याहून आणलेल्या त्या पर्यटक बाईनेच, वेळ न घालवता, आपल्याजवळच्या किल्लीने कुलूप काढले आणि आईचा हात धरून तिला आत नेले. त्याबद्दल तिला बोलणी बसली, कारण तिच्या केसांवरचे ऊन तोवर सरकले होते.

'अतिथी देवो भव' ही आपली दुसरी गाजलेली मोहीम. पाहुण्यांशी नीट वागा, असे आमिर खान यांनी त्या जाहिरातींतून देशाला बजावले, आणि ते सांगणे गरजेचेही होते. पण हे वचन ज्या तैत्तिरीय उपनिषदातून उचलले, तेथे आधी 'मातृदेवो भव' आहे, मग पिता, मग आचार्य, आणि अतिथीचा क्रमांक चौथा लागतो. पहिली तीन वचने गाळून चौथेच उचलणारा विद्वान कोण असेल याचा मी कुंपणाशी उभा राहून पुष्कळ विचार केला. पितृदेवाविषयी आणि आचार्यदेवाविषयी माझे काही म्हणणे नाही. स्वच्छतागृहाची किल्ली मातृदेवांपाशी असावी, एवढेच माझे मागणे आहे.

पाहुणे येणार म्हटल्यावर पसारा पलंगाखाली ढकलण्याची रीत प्रत्येक घरात आहे आणि तिला माझा विरोध नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष अहमदाबादला यायचे होते, तेव्हा त्यांच्या वाटेवरील झोपडपट्टीपुढे भिंत बांधण्यात आली. २०२३ मध्ये जी-२०च्या परिषदेसाठी दिल्लीतील वस्त्यांवर हिरवी कापडे ओढली गेली. पलंगाखाली ढकलला तो पसारा नव्हता, माणसे होती, आणि त्यांनी त्या भिंतीपलीकडे नेहमीप्रमाणे स्वयंपाक केला असेल, पोरांना शाळेत धाडले असेल. आमच्या बेळगावात तर परदेशी पाहुणाही लागत नाही. कर्नाटक विधिमंडळाचे सुवर्ण विधानसौध येथे २०१२ साली उभे राहिले, तेव्हापासून हिवाळी अधिवेशन जवळ आले की दुभाजकांना रंग लागतो आणि मंत्र्यांच्या गाड्या ज्या रस्त्याने जातील तेवढ्याच रस्त्यावरचे खड्डे बुजतात. शेजारच्या गल्लीतील खड्डा तसाच राहतो, कारण त्याच्यावरून कोणी जाणार नसते. म्हणजे आम्ही जातो, पण ते जाण्यात धरत नाहीत.

ऑस्ट्रेलियाने २००६ साली 'अजून आला का नाहीत?' असे पर्यटकांना इतके खेकसून विचारले की त्यातील एका शिवराळ शब्दापायी ब्रिटनमध्ये ती जाहिरात दाखवायला सुरुवातीला मनाई झाली. मला ती पद्धत अधिक प्रामाणिक वाटते. त्याहून बरी स्वीडनची. तेथील एका पर्यटन संस्थेने २०१६ मध्ये एक दूरध्वनी क्रमांकच जाहीर केला: जगातून कोणीही फोन करावा आणि नाव नोंदवलेल्या स्वीडिश नागरिकांपैकी कोणीतरी एकाने तो उचलून मनाला येईल ते बोलावे. असा क्रमांक बेळगावचा काढला आणि जर्मनीहून आलेला फोन खडेबाजारातील एखाद्या कापडदुकानदाराने उचलला, तर संभाषण कसे होईल याची मी कल्पना करू शकतो. तिकडून नम्रपणे हवामानाची चौकशी होईल. इकडून उत्तर जाईल, "पाऊस लागलाय. तुम्ही कोण? जर्मनीत कुठं? जेवण झालं काय? घरची काय करतात?" राहण्याच्या सोयीविषयी विचारताच दुकानदार चिडेल. "लॉज कशाला? आमच्याकडं उतरा की. फकस्त डिसेंबरात येऊ नका, अधिवेशन असतंय, गावात उभारायला जागा नसती. आणि तिकडनं काय आणू नका. जाताना कुंदा मात्र घेऊन जावा, पण कुठला घ्यायचा त्ये मी सांगतो, बोर्ड बघून आत शिरू नका." या फोनला हुक्का लागत नाही, पगडी लागत नाही, आणि तो जर्मन मनुष्य पुढच्या पावसाळ्यात खात्रीने येतो. अर्थात हे कोणी करणार नाही. दुकानदाराला बोलू दिले तर तो रस्त्याविषयीही बोलेल, अशी वरच्यांना रास्त भीती असते.

काल दुपारी त्या तरुणाचा फोन आला. देवळाजवळच्या नोंदवहीत मी क्रमांक लिहिला होता, तो त्याने शोधून काढला होता.

"काका, एक अडचण हाय. तुमचा कोपर आलाय."

"कुठे?"

"फ्रेममध्ये. गाय जाताना डावीकडं. पुसायला पैशे पडतात म्हणून सायेब म्हणाले, असू दे. तुम्ही संमतीपत्रावर सही तेवढी करा."

कोपर इंडियन दिसतो का, असे मी विचारले. कोणाचा आहे हे कळत नाही, म्हणूनच तर साहेबांना चालतो आहे, असा त्याने खुलासा केला. वडगावच्या गृहस्थांना दिवसाचे पैसे मिळाले हे मला ठाऊक होते, म्हणून मी मानधनाची गोष्ट काढली. त्यावर तो क्षणभर गप्प झाला आणि मग अतिशय अदबीने म्हणाला, "कोपराचा रेट न्हाई काका."

मी सही केलेली नाही आणि करणारही नाही. जाता जाता म्हशीचीही चौकशी केली. तिचा कान आणि अर्धे शिंग आले असून ते ठेवण्यात येणार आहे, कारण म्हशीकडून संमतीपत्र घ्यावे लागत नाही.