पोळीचा निकाल दुपारी एकला

नवशिक्याच्या पोळीत लोकांना आधी नकाशे दिसतात. कुणाला ऑस्ट्रेलिया सापडतो, कुणाला श्रीलंका. माझं म्हणणं, भूगोल सोडून द्या. घास मोडला की गोल आणि चौकोनी यांतला फरक संपतो, शिवाय घडीची पोळी जन्मतःच त्रिकोणी असते. खरा निकाल लागतो दुपारी एकला, डबा उघडल्यावर. सकाळी सातला मऊ असलेली पोळी तेव्हा भाजी उचलायला साफ नकार देते, आणि तिचा गुन्हा पोळपाटावर नाही, परातीत घडलेला असतो.

परातीतला पहिला सल्ला ठरलेला: ‘लागेल तसं पाणी घ्या.’ किती लागेल हे ज्याला कळतं, तो शिकायला कशाला येईल? म्हणून आकडे सांगतो. 250 ग्रॅम कणीक, पाव चमचा मीठ, एक चमचा तेल आणि साधारण 160 मिली पाणी. त्यातलं 120 मिली आधी घालायचं, उरलेलं चमच्याचमच्याने. गहू बदलला, दळण बदललं की आकडा दहा-वीस मिलीने इकडेतिकडे होतो. चक्कीत दळताना स्टार्चचे काही कण फुटतात आणि फुटलेला कण जास्त पाणी पितो. कोंडाही पितो, पण सावकाश. घोटाळा इथेच होतो. पाणी पूर्ण मुरायच्या आत हाताला चिकटा लागतो, नवशिका घाबरून पीठ घालतो. पाच मिनिटांत गोळा दगड होतो, मग पाणी. परत चिकटा, परत पीठ. दोन माणसांसाठी सुरू झालेली कणीक अशी बघताबघता वऱ्हाडाला पुरेल एवढी होते. यावर उपाय एकच: चिकटा लागला की हात धुवा, परात झाका आणि दहा मिनिटं स्वयंपाकघराबाहेर जा. पिठाचा डबाही सोबत न्या, म्हणजे मोह होणार नाही.

परतल्यावर तेलाच्या हाताने चांगली पाच-सात मिनिटं मळा. बोटाने दाबलं तर खळगा पडून हळूहळू भरून यावा, इतपत सैल कणीक हवी. घट्ट कणीक लाटायला शिस्तीत वागते, म्हणून नवशिक्याला ती आवडते. दुपारी एकला वातड होते तीच. मळून झाल्यावर अर्धा तास झाकून ठेवायची. मळताना ग्लूटेनचं, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाचं, जाळं ताणलं जातं. ते सैलावायला वेळ लागतो. तो वेळ दिला नाही तर लाटलेली पोळी लाटणं उचलताच आक्रसते, आणि माणूस हट्टाला पेटून मनगट दुखवून घेतो. भांडण ग्लूटेनशी आहे, मनगटाचा त्यात काय संबंध?

या कणकेचे नऊ उंडे होतात, प्रत्येकी 45 ग्रॅमच्या आसपास. उंडा पुरीएवढा लाटा, तेलाचं बोट फिरवा, चिमूटभर पिठी भुरभुरा, अर्धी घडी घाला. परत तेल, परत पिठी, चतकोर घडी. तेल-पिठीमुळे घडीचे थर एकमेकांना चिकटत नाहीत, पदर सुटतात तो त्यांचाच प्रताप. आता लाटताना जोर कडांवर द्यायचा. मधे पातळ आणि कडेला जाड झाली की मधला भाग करपतो, तरी कड कच्चीच. खाली पिठी मात्र जपून: जास्तीची पिठी तव्यावर जळते, काळे ठिपके पुढच्या पोळीला चिकटतात आणि त्यांना ‘छान खरपूस’ म्हणायची वेळ येते. दर दोन पोळ्यांनी तवा कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

तव्याच्या बाबतीत नवशिका हमखास सौम्य स्वभावाचा निघतो. करपेल या भीतीने गॅस बारीक ठेवतो. मंद तव्यावर पोळी भाजत नाही, वाळते. भाजून होईपर्यंत तिच्यातलं पाणी उडून गेलेलं असतं. तवा मध्यम ते मोठ्या आचेवर इतका तापू द्या की चिमूटभर पीठ टाकल्यावर ते काही सेकंदांत तांबूस होईल. लगेच काळं झालं तर आच उतरवा. पहिली बाजू नुसती बारीक फुगे येईपर्यंत, दुसरी तांबूस डाग पडेपर्यंत, मग पुन्हा उलटून कड फडक्याने हलके दाबायची. फुगवण्यात तुमचं कर्तृत्व फारसं नसतं. एक मिली पाण्याची दीड लिटरहून अधिक वाफ होते, तिला फक्त बाहेर पडायला भोक सापडू द्यायचं नाही.

उतरवलेली पोळी अर्धा मिनिट मोकळी ठेवून वाफ जिरवा, मग सुती फडक्यात गुंडाळा. थेट स्टीलच्या डब्यात कोंबली तर झाकणाचं पाणी गळून तळची पोळी भिजते; उघडी राहिली तर पापड.

आणि पापड झालाच, तर कुस्करा करा. चार पोळ्या हाताने चुरायच्या, दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, मिरची, एक कांदा गुलाबी परतायचा, चुरा घालून मीठ आणि चिमूटभर साखर, पाण्याचा हबका मारून तीन मिनिटं झाकण. अट एवढीच की पोळ्या ताज्या, लुसलुशीत नकोत. त्यांचा लगदा होतो.