पँड्रोसियनला पुरुष कुणी केलं?

प्राचीन ग्रीक गणितातल्या बायका म्हटलं की हायपेशियाचं नाव येतं, तेही बहुतेक तिच्या मरणामुळे. इ.स. 415 मध्ये अलेक्झांड्रियात जमावाने तिला ठार मारलं. मला लिहायचंय ते त्याच शहरात तिच्याआधी गणित शिकवणाऱ्या पँड्रोसियनबद्दल.

ती आपल्याला कळते फक्त पॅपसमुळे. चौथ्या शतकातला हा मोठा भूमितिज्ञ. त्याच्या 'संग्रह' या ग्रंथाचा तिसरा भाग पँड्रोसियनला उद्देशून आहे आणि सुरुवातच तक्रारीने होते: तुमच्याकडे गणित शिकल्याचं सांगणारे काहीजण प्रश्न नीट मांडतसुद्धा नाहीत. वाद होता दिलेल्या घनाच्या दुप्पट घनफळाचा घन काढण्याचा. एकाने नुसती पट्टी-कंपास वापरून रचना करून आणली होती, पॅपसने ती खोडून काढली. (ते तसं जमतच नाही, हे 1837 मध्ये फ्रेंच गणिती वान्झेलने सिद्ध केलं.) पॅपसचा सूर तिखट आहे, मान्य. पण त्यातून काय दिसतं बघा. तिच्याकडे विद्यार्थी होते, अवघड प्रश्नांना हात घालणारे होते, आणि तिच्या शिकवण्याची दखल घ्यावी असं पॅपसला वाटलं.

एकोणिसाव्या शतकात फ्रिडरिश हुल्च या जर्मन विद्वानाने हा ग्रंथ संपादित केला. ग्रीकमध्ये पँड्रोसियनसाठी आदराचं संबोधन स्त्रीलिंगी आहे. हुल्चने ती चूक ठरवली आणि तिला पुरुष करून टाकलं! 1980 च्या दशकात प्राचीन विज्ञानाचा अभ्यासक अलेक्झांडर जोन्सने दाखवलं की मूळ रूप बरोबरच होतं. म्हणजे शंभर वर्षं ती छापील पानावर पुरुष होती. मला याचा मनापासून राग येतो. हुल्च मोठा अभ्यासक होता, म्हणून जास्तच येतो.

'बायकांना गणितात रसच नव्हता' म्हणणाऱ्यांनी अथेन्सकडेही बघावं. ग्रीक लेखक झेनोफनच्या एका संवादात इस्कोमाकस हा अथेन्सचा गृहस्थ सांगतो की बायको घरी आली तेव्हा पंधराचीही नव्हती, आणि तोवर तिने कमीत कमी पाहावं, ऐकावं, विचारावं अशीच काळजी घेतली गेली होती. विचारायचंच नाही, तर सिद्धता कुठून शिकणार? प्लेटोच्या अकादमीत अ‍ॅक्सिओथिया शिकली, पण पुरुषी कपडे घालून, असं तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणारा डायोजिनिस लार्टियस लिहितो. हायपेशियाला दार उघडं मिळालं कारण बाप थिऑन स्वतः गणिती होता. खगोलज्ञ टॉलेमीच्या ग्रंथावर लिहिलेल्या भाष्यात त्याने तिसऱ्या भागाची प्रत 'माझी मुलगी, तत्त्वज्ञ हायपेशिया' हिने तपासल्याचं नोंदवलंय. असा बाप किती जणींना मिळाला असेल?

भूमिती शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींना एक विनंती. घन दुप्पट करण्याचा प्रश्न वर्गात निघाला की पॅपससोबत पँड्रोसियनचंही नाव घ्या, आणि ती बाई होती हे स्पष्ट सांगा.